सव्वासहाची कॉफी आणि मधला एक तास

मैदानाबाहेरची

मुलगा दहावीत आहे आणि चारशे मीटर पळतो. सराव सकाळी सहा ते साडेसात, सणस मैदानावर. सोडायचं काम माझ्याकडे, कारण नवऱ्याची रात्रपाळी. घर धायरीला. सोडून घरी परतायचं म्हटलं तर चप्पल काढेपर्यंत पुन्हा निघायची वेळ होते. त्यामुळे गेली दोन वर्षं रोज सकाळी माझ्याकडे सव्वा-दीड तास उरतो आणि तो कुठे ठेवायचा हा प्रश्न असतो.

पावसाळ्यात प्रश्न नव्हता, झाडाखाली भिजत उभं राहायचं. उन्हाळ्यात सारसबागेत फेऱ्या. थंडीत मात्र वाट लागते. सारसबागेतल्या गणपतीला थंडीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात, त्याचं दर्शन घ्यायचं आणि आपण हातमोजे घरी विसरलो म्हणून हळहळायचं.

चहाच्या टपऱ्या आहेत ना, असं म्हणाल. आहेत. मला तिथे कुणी कधी वावगं बोललेलं नाही. पण उभ्याने चहा प्यायला चार मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला, आपण इथे का उभ्या आहोत, याचं काहीतरी कारण चेहऱ्यावर आणावं लागतं. मग फोन काढायचा, कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवायचं. शेजारचे काका तोच चहा अर्धा तास पितात आणि त्यांना कुठलंच कारण लागत नाही.

गेल्या डिसेंबरात मागच्या गल्लीत एक दुकान सापडलं. तीन टेबलं, अर्धं वर गेलेलं शटर, आत पितळी फिल्टर आणि दुधाचं पातेलं. अण्णा कुंदापूरकडचे. सव्वासहाला पहिली कॉफी मिळते. मी बसते तो बाक भिंतीला लावलेला आहे आणि भिंतीच्या पलीकडे भट्टी. हे मला चौथ्या दिवशी कळलं, पाठ टेकल्यावर. भिंत कोमट होती.

पहिला आठवडा "साखर?", "मोठी का छोटी?" असं चाललं. तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी विचारणंच सोडलं. मी बसायची, ते पेला गरम पाण्याने विसळायचे, कॉफी समोर यायची. नंतर तासभर मला कुणी काही विचारत नाही. डबा काय, मोजे कुठे, पासवर्ड काय, काही नाही. घरात असा तास मला कधी मिळाल्याचं आठवत नाही.

तुमच्या आसपास आहे का अशी जागा? थंडीतली, सकाळची, बसलं तर कुणी उठवत नाही अशी. कॉफीच हवी असं नाही. असली तर बरं.

---

पेठेतला

छान लिहिलंय. पण पुण्यात थंडी उरलीये कुठे? बारा अंशांना लोक माकडटोप्या घालून टेकडीवर सेल्फी काढतात.

---

संत्रानगरी

बारा अंश म्हणजे आमच्याकडे पंखा लावायचा की नाही यावर चर्चा होते राजेहो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ होतं. त्या दिवशी मी सकाळी दूध आणायला गेलो तर दूधवालाच आला नव्हता. तेव्हा पुणेकरांनी थंडीबद्दल जपून बोलावं.

---

द्राक्षवाला निफाड

पेपरात दरवर्षी आमचा पारा छापतात आणि खाली 'गुलाबी थंडी' लिहितात. गुलाबी वगैरे काही नसतं. मण्यात पाणी भरायच्या वेळी पारा उतरला की द्राक्षाला तडे जातात. मग पहाटे तीनला उठून ठिबकची मोटर चालू करायची, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं आणि मुळांना तेवढाच आधार. बांधाला जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर बसावा म्हणून. वीज नेमकी त्याच वेळी जाते.

कॉफी आमच्याकडे लग्नात. पण ताईंनी विचारलंय म्हणून सांगतो. निर्यातीची गाडी भरून गेली की साडेसहा-सातला आम्ही चौघंपाच जण स्टेशनाजवळ एका हॉटेलात बसतो. हॉटेलवाला भज्यांचं तेल तापवत असतो. रात्रभर धूर खाल्लेला असतो, कुणी बोलत नाही. तो तास मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू.

---

जायफळ

मैदानाबाहेरची, तुम्ही कॉफी लिहिलंत आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. आमच्या वेळी कॉफी म्हणजे दूध. पाणी नावाला, दूध भरपूर, साखर सढळ हाताने आणि वर सहाणेवर उगाळलेलं जायफळ. पाहुणा खास असला किंवा उपास असला, तरच कॉफी. "चहा घेणार की कॉफी?" असं विचारलं की पाहुण्याने चहा म्हणायचं असतं, ही रीत. कॉफी म्हणणारा आगाऊ.

हॉटेलात जाऊन कॉफी प्यायची हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बासष्टाव्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून सकाळी बाहेर पडायला लागले, तेव्हा पहिल्यांदा एकटीने हॉटेलात बसले. वेटरने विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "मीच." त्याने दोन ग्लास पाणी ठेवलं. दुसरा ग्लास कुणासाठी होता देव जाणे. आता ओळख झाली आहे, एकच ठेवतो.

---

चहाबाज

माफ करा, पण धाग्यात चहाला फारच खाली बसवलंय. पुण्याला सकाळी उठवलंय ते अमृततुल्यांनी. पितळी पातेलं, खलबत्त्यात कुटलेलं आलं-वेलदोडा आणि मालक पातेल्याच्या मागे मांडी घालून बसलेला. आता सगळीकडे एकाच छापाच्या पाट्या लावलेली दुकानं निघाली ती वेगळी, मी जुन्यांबद्दल बोलतोय. कॉफी हे गोड दूध आहे, जायफळ यांनी वर कबूलच केलंय.

---

फिल्टरवाला

@चहाबाज, जायफळ आजींची कॉफी वेगळी आणि धागाकर्त्या ताई म्हणतायत ती वेगळी. माझा जन्म माटुंग्याचा, वडील मराठी, शेजार सगळा तमिळ-कन्नड. किंग्ज सर्कलच्या बाजूला सकाळी नाकानेच रस्ता सापडायचा. एका बाजूला ओल्या फुलांचे गजरे आणि दुसऱ्या बाजूला कॉफी दळायचं यंत्र. कॅफे मद्रास १९४० पासून तिथे आहे. त्याच्या बाहेरच्या गर्दीत मी शाळेचा अभ्यास केलाय.

डिकॉक्शनबद्दल, म्हणजे फिल्टरमधून उतरणाऱ्या दाट अर्काबद्दल लिहितो, कारण थंडीत घरी फसतं आणि लोक पावडरीला शिव्या घालतात. फिल्टरचे दोन मजले. वरच्याला बारीक भोकं, त्यात तीन भरलेले चमचे पावडर, दांडीच्या चकतीने हलकं दाबायचं. दगड केलंत तर पाणी खाली उतरत नाही, मोकळं सोडलंत तर भसाभस उतरतं आणि नुसतं तांबूस पाणी मिळतं. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबून ओतायचं. मग झाकण आणि किमान पंधरा-वीस मिनिटं. थंडीत खरी गंमत इथे आहे. ओट्यावरचा स्टीलचा फिल्टर गार असतो, ओतलेलं पाणी लगेच निवतं आणि निवलेल्या पाण्यात कॉफी नीट उतरत नाही. म्हणून आधी फिल्टर गरम पाण्याने विसळून घ्यायचा. ताईंचे अण्णा पेला विसळतात तो स्वच्छतेसाठी कमी आणि याच कारणासाठी जास्त.

आणि डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. कडू होतं. गार असलं तर असू दे, दूध उकळतं ओतायचं.

---

पेठेतला

आणि चिकोरी? आमच्या ऑफिसात एक जण चिकोरीचं नाव काढलं की भेसळ भेसळ म्हणून ओरडतो.

---

फिल्टरवाला

भेसळ नाही, पाकिटावर छापलेली असते. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण लिहायला हवं. पाकीट उलटं करून वाचा. चिकोरी हे भाजून दळलेलं मूळ आहे, आपल्याकडे गुजरातेत पिकतं. त्यात कॅफीन नसतं. रंग गडद होतो, दाटपणा येतो, दुधाला टिकून राहते. मी घरी ८०-२० घेतो. हॉटेलात बऱ्याचदा चिकोरी यापेक्षा जास्त असते आणि मला ती चव आवडते, हे माझ्या शुद्धतावादी मेहुण्याला सांगू नका.

---

रत्नागिरी ते हासन

लेखापरीक्षणाच्या कामासाठी पाच हिवाळे चिकमगळूर-हासन पट्ट्यात काढले, म्हणून दोन शब्द.

आपण थंडीत कॉफी पितो तेव्हा तिकडे तोडणी चालू असते. अरेबिका नोव्हेंबरपासून, रोबस्टा त्यामागोमाग. झाडावरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्याच झाडाकडे बायका तीन-तीन वेळा येतात आणि फक्त लाल झालेली तोडतात. सकाळी आठला मळ्यात गेलो तर वरच्या सिल्व्हर ओकवरून दव टपटप पडत असतं. तोडणाऱ्या बायका कमरेला पोतं आणि डोक्याला रुमाल बांधून असतात, बोटं चिकट झालेली. कॉफीचं फळ गोड असतं, हे तिथे जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. मग फळाची साल काढून, धुऊन, बिया अंगणभर पसरतात आणि दिवसभर फावड्याने वरखाली करतात.

तिथून सुकून, सोलून, प्रतवारी होऊन, भाजून तुमच्या अण्णांच्या फिल्टरमध्ये यायला महिने लागतात. म्हणजे या थंडीत तुम्ही पिताय ती कॉफी बहुतेक गेल्या थंडीतली.

बाबा बुदन या सूफी संताने येमेनमधून सात बिया लपवून आणल्या ही गोष्ट तिथे प्रत्येक जण सांगतो. लपवल्या कुठे यावर मात्र एकमत नाही. कुणी कमरपट्ट्यात म्हणतं, कुणी दाढीत.

एक तक्रार. एवढ्या मळ्यांच्या मधोमध असूनही आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी साखर घालून ठेवलेली कॉफी थर्मासमधून यायची. पाच वर्षं सांगितलं, बदललं नाही.

---

नर्मदाकाठ

मी जबलपूरची मराठी. चार पिढ्या इथेच, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी डोकावेल, सांभाळून घ्या.

आमच्या शहरात 'कॉफी' म्हटलं की इंडियन कॉफी हाऊस. पांढरा गणवेश, कमरेला पट्टा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला साफा. लहानपणी मला वाटायचं हे राजाचे नोकर आहेत. नंतर बाबांनी सांगितलं की नोकर नाहीत, मालक आहेत. पहिलं कॉफी हाऊस १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला निघालं, कॉफीचा खप वाढावा म्हणून. पुढे कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या आणि ती चालवायला घेतली. जबलपूरची संस्था त्यातलीच आणि तिच्या शाखा किती गावांत आहेत ते मोजायला बसले तर कॉफी गार होईल.

जानेवारीत इथे धुकं असं असतं की रस्त्यापलीकडचं दिसत नाही. माझी पहिली नोकरी सकाळच्या शाळेत. बस लवकर पोचवायची, शाळेचं फाटक बंद. मी कॉफी हाऊसमध्ये बसायची, एक कॉफी, एक तास. धागाकर्त्या ताईंनी टपरीबद्दल लिहिलंय ना, ते वाचून मला बरं वाटलं, कारण मी हे कुणाला कधी समजावू शकले नव्हते. तिथल्या एका वयस्कर वेटरने मला पहिल्याच आठवड्यात दारापासून लांबचं, खांबाआडचं टेबल दाखवलं. बोलले काही नाहीत. त्या टेबलावरून दार दिसायचं, पण दारातून ते टेबल दिसायचं नाही. सात वर्षं मी तिथेच बसले, वह्या तपासल्या. लग्न ठरल्याची बातमी आईच्या आधी त्यांना कळली, कारण त्या दिवशी मी दोन कॉफी मागवल्या होत्या.

---

जायफळ

नर्मदाकाठ, दुसरी कॉफी घेणारा वेळेवर आला का?

---

नर्मदाकाठ

चाळीस मिनिटं उशिरा. धुक्यामुळे, म्हणाले. कॉफी मीच प्यायले.

---

उत्तरेचा

गोथेनबर्गहून. इथे डिसेंबरच्या शेवटी सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो, तोही ढगांतून दिसला तर. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की बर्फाचा त्रास होईल. बर्फ फारसा पडतच नाही, नुसता पाऊस. त्रास झाला तो अंधाराचा.

घराखाली एक जुन्या पद्धतीचं कॉन्दितोरी आहे, म्हणजे बेकरी आणि बसायची जागा एकत्र. नोव्हेंबरच्या शेवटापासून खिडकीत कागदी चांदणीचा दिवा लावतात. कॉफी काळी, पातळ, जायफळ आजींना दाखवली तर त्या भांडी घासायचं पाणी म्हणतील. पण एकदा पैसे दिले की दुसरा पेला तुम्ही स्वतः उठून भरून घ्यायचा, त्याचे पैसे नाहीत किंवा नाममात्र. त्याला इथे 'पोतोर' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या भाषेत दुसऱ्या पेल्याला स्वतंत्र शब्द आहे त्या भाषेतल्या लोकांवर मी विश्वास ठेवायचं ठरवलं.

इथली माणसं अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. बसथांब्यावर दोन माणसांत तिसरं मावेल एवढं अंतर. तर त्या कॉन्दितोरीतली बाई मला तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी म्हणाली, "नेहमीचंच?" फक्त दोन शब्द. मी हो म्हटलं, बाहेर आलो आणि पुण्याला बायकोला फोन लावला. ती म्हणाली, एवढंच सांगायला फोन केलास?

---

चहाबाज

उत्तरेचा, हे वाचून जरा बरं वाटलं आणि जरा वाईट. पण चहाबद्दलचं मत कायम आहे.

---

तळटीप

सगळ्यांचं छान चाललंय, मी थोडा विरजण घालतो. आमच्या भागात (नाव सांगत नाही) अशीच एक छोटी कॉफीची जागा होती. मग तिथे उंच खुर्च्या आल्या, भिंतीवर दिव्यांच्या अक्षरांत इंग्रजी सुविचार आला आणि कॉफी दोनशे ऐंशीला गेली. सकाळी दहाला उघडते. थंडीत सकाळी दहाला कॉफीचं दुकान उघडणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री देणं.

तिथली मुलं वाईट नाहीत. कॉफीही खरं तर चांगली असते, भाजणी वगैरे समजावून सांगतात. पण पेल्यावर नाव लिहायला दर वेळी नाव विचारतात. वर्षभर तेच नाव सांगतोय.

---

पेठेतला

खोटं नाव सांगायचं. मी 'हेमाडपंत' सांगतो. गेल्या महिन्यात काउंटरवरून मोठ्याने पुकारलं, तीन जणांनी वळून पाहिलं.

---

संत्रानगरी

तीन हेमाडपंत एका दुकानात! पुणंच ते.

---

मैदानाबाहेरची

काल रात्री सगळे प्रतिसाद एकदम वाचले. नर्मदाकाठ, खांबाआडचं टेबल डोक्यातून जात नाहीये. निफाडचे भाऊ, पुढच्या वेळी मंडईत द्राक्षं घेताना भाव करणार नाही. बरं, कमी करेन.

फिल्टरवाला, आज अण्णांना विचारलं. पेला विसळण्याचं कारण तुम्ही म्हणता तेच. शिवाय ते रात्रीच फिल्टर भरून ठेवत नाहीत, पहाटे पाचला येऊन पहिलं पाणी ओततात. चिकोरी किती, यावर नुसते हसले. जायफळ घातलेली कॉफी करता का विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. आजी, सॉरी.

जागा कुठे ते बऱ्याच जणांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलंय, कळवते.

आता एक कबुली. मुलाचा सराव एक जानेवारीपासून बंद आहे. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, त्यामुळे सरांनीच सुट्टी दिली. म्हणजे गेले अठरा दिवस मला सकाळी धायरीहून निघायचं काहीही कारण नाही. तरी साडेपाचला जाग येते, स्कूटर बाहेर काढते आणि सव्वासहाला भिंतीला पाठ टेकलेली असते. घरी सांगितलंय की मंडईत भाजी ताजी आणि स्वस्त मिळते. त्यामुळे येताना रोज काहीतरी घ्यावंच लागतं. थंडीत सगळं हिरवं स्वस्त आणि माझा हात सुटतो. काल नवऱ्याने फ्रिज उघडून शांतपणे विचारलं, "मेथीच्या तीन गड्ड्या कशाला?" मी म्हटलं, "ठेपले." आता ठेपले करावे लागणार. मुलाला मात्र संशय आलाय. परवा म्हणाला, "आई, तुझा टायमिंग सुधारला का?"

---

द्राक्षवाला निफाड

ताई, मेथी निवडून पेपरात गुंडाळून ठेवा, आठवडा टिकते. आणि घरी खरं सांगून टाका, काही होत नाही.

---

नर्मदाकाठ

सांगू नका. अजिबात सांगू नका.

---

फिल्टरवाला

मी पुढच्या शनिवारी पुण्यात आहे. रविवारी सकाळी तिथे कट्टा करायचा का?

---

चहाबाज

येतो. कॉफी पिणार नाही, पण येतो.

---

मैदानाबाहेरची

रविवार, सकाळी पावणेसात. अण्णांना आधी सांगून ठेवते. तीन टेबलं आहेत, त्यामुळे आठच्या वर माणसं नकोत. सुट्टे पैसे आणा, सकाळी त्यांच्याकडे नसतात आणि ऑनलाइनचा स्पीकर सातच्या आत लावू देत नाहीत, वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. मोठ्याने हसायचं ते सातनंतर. भिंतीकडची जागा माझी.

---

जायफळ

मी रिक्षाने येते. गुडघ्यांना गारठा सोसत नाही, भिंतीकडची जागा मला लागेल.

---

मैदानाबाहेरची

बरं, आजी. तुमची.